भाराची वाट आणि घरदुरुस्तीचे स्वातंत्र्य

घराचे नूतनीकरण करायचे ठरले की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न हमखास निघतो: ही भिंत काढता येईल का? प्रश्न रास्त आहे. दोन अंधाऱ्या खोल्या एक झाल्या की उजेड येतो, वावर मोकळा होतो, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला घरभर फिरता येते. अडचण आहे ती या प्रश्नाचे उत्तर कोण देतो याची. बहुतेक वेळा ज्याला भिंत पाडण्याचे काम मिळणार असते तोच ते देतो, आणि तेही भिंतीवर दोन टिचक्या मारून, आवाज कसा येतो ते ऐकून.

माझे म्हणणे असे आहे की घराच्या आतल्या मांडणीवर आणि सजावटीवर मालकाचा पूर्ण हक्क असावा, पण इमारतीचे वजन ज्या वाटेने जमिनीपर्यंत उतरते त्या वाटेवर कोणाही एका मालकाचा हक्क असू नये. त्या वाटेला हात लावायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेली आकडेमोड, काम उघडे असतानाच झालेली पाहणी आणि इमारतीच्या दप्तरी कायम राहणारी नोंद या तिन्ही गोष्टी सक्तीच्या असाव्यात. घर विकत घेण्याआधी तपासणी करणाऱ्यानेही ही नोंद मागावी, आणि ती नसेल तर तसे अहवालाच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे.

भाराची वाट म्हणजे काय ते आधी पाहू. आपण ज्या फरशीवर उभे असतो तिचे वजन, आपले वजन, कपाटांचे आणि पलंगांचे वजन स्लॅब उचलतो आणि बीमकडे देतो. बीम ते कॉलमकडे नेतो, कॉलम पायाकडे आणि पाया जमिनीकडे. जुन्या बांधणीच्या घरांत बीम-कॉलमचे काम जाड भिंती करतात, आणि तिथे भिंत काढणे म्हणजे वरच्या मजल्याचा आधारच काढणे. सांगाड्याच्या इमारतीत मात्र बऱ्याच भिंती केवळ आडोशाच्या असतात, आणि त्यामुळेच ‘फ्रेम आरसीसीची आहे, भिंतीला काही अर्थ नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा बीम-कॉलमच्या चौकटीत बसवलेल्या याच विटांच्या भिंती तिला बराच ताठरपणा देतात. एखाद्या मजल्यावरच्या पुष्कळ भिंती काढल्या की तो मजला इतर मजल्यांच्या मानाने मऊ पडतो, सगळी हालचाल त्याच्यातच एकवटते आणि त्याच मजल्याचे कॉलम आधी मोडतात. तळमजला वाहनांसाठी किंवा दुकानांसाठी मोकळा ठेवलेल्या इमारती भूकंपात गुडघ्यातून खाली बसतात त्या याच कारणाने.

आता आधार काढल्यावर नेमके काय होते ते आकड्यांत मांडतो, कारण इथेच सर्वसामान्य माणसाचा अंदाज सर्वांत जास्त फसतो. दोन टोकांवर टेकलेल्या साध्या बीमवर सर्वत्र सारखा भार असेल तर त्याच्या मध्यावरचे वाकवणारे बळ गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि त्याची लवण, म्हणजे मध्यावर तो किती खाली झुकतो ते, लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. तीन मीटरचा गाळा सहा मीटरचा झाला तर बळ चौपट होते आणि लवण सोळापट. लांबी दुप्पट झाली म्हणजे बीमही दुप्पट मजबूत घेऊ, असे ज्याला वाटते त्याचे गणित इथेच कोसळलेले असते. उलट बीमची उंची वाढवली तर फायदाही तसाच झपाट्याने मिळतो: रुंदी तेवढीच ठेवून उंची दुप्पट केली तर ताकद चौपट आणि ताठरपणा आठपट होतो. फळी आडवी ठेवली तर लवते आणि उभ्या कडेवर ठेवली तर लवत नाही, हा रोजचा अनुभव आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताकदीबाबतचा उंचीचा हा नियम मांडला होता. म्हणूनच खोलीची उंची वाढल्यासारखी दिसावी म्हणून बीमच्या पोटातले दोन-तीन इंच तासणे ही किरकोळ गोष्ट नाही. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची क्षमता दाबाच्या साधारण दहावा हिस्साच असते. ताण घेणाऱ्या सळया नेमक्या त्या पोटातच असतात आणि तासणाऱ्याची छन्नी तिथेच पोहोचते.

भिंत काढून तिच्या जागी लोखंडी गर्डर बसवणे हा ठरलेला उपाय, आणि नीट केला तर तो उत्तम आहे. पण गर्डर किती जाड घ्यायचा एवढ्यावरच चर्चा थांबते. भिंत आपले वजन सगळ्या लांबीवर सारखे उतरवत होती. गर्डर तेच वजन दोन टोकांवर आणून ठेवतो. त्या टोकांखालची वीट तो एकवटलेला दाब सोसणार आहे का, टोकाखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा बैठा ठोकळा लागेल का, त्याखालचा पाया पुरेल का, हे प्रश्न गर्डरच्या मापाइतकेच मोलाचे आहेत. काम चालू असताना वरचा भार धरून ठेवणारे टेकूही तितकेच महत्त्वाचे. टेकू फरशीवर उभा केला म्हणजे भार नाहीसा होत नाही. तो खालच्या घराच्या स्लॅबवर जातो, म्हणून खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत टेकू द्यावे लागतात. शिवाय सडपातळ टेकू चिरडून मोडत नाही, तो बाजूला वाकून निसटतो, आणि त्याची उंची दुप्पट झाली की वाकण्याआधी तो पेलू शकणारे वजन चौथ्या हिश्श्यावर येते. गर्डर चढवल्यावर त्याच्या आणि वरच्या बांधकामाच्या मधली फट कोरड्या मसाल्याने ठासून भरली नाही, तर टेकू काढताच वरची भिंत तेवढी खाली येते आणि वरच्या घरात तिरपी चीर उमटते. त्या घरातली माणसे तेव्हा म्हणतात की आम्ही तर काहीच केले नव्हते. ते खरेच असते.

आधार काढणे धोक्याचे हे एक वेळ लोकांना पटते. आधार वाढवणेही धोक्याचे असू शकते हे मात्र पटवून द्यावे लागते. बीम लवलेला दिसला की त्याच्या मध्यावर एक खांब उभा करावा असे कोणालाही वाटेल. आता असे पाहा की साध्या बीमच्या मध्यावर ताण खालच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळया खाली असतात आणि वर बहुधा रिंगा, म्हणजे सळयांना वेढणारी लोखंडी कडी, अडकवण्यापुरत्या दोन बारीक सळया. मध्यावर खांब आला की बीम तिथे उलटा वाकू पाहतो आणि ताण वरच्या बाजूला जातो, जिथे तो घ्यायला पुरेसे लोखंडच नाही. खांब नुसता खाली टेकवला तर बीमवर आधीपासून असलेला भार त्याच्यावर येतच नाही, नंतर वाढणारा तेवढाच येतो. म्हणजे ज्या कामासाठी उभा केला ते काम तो करत नाही. जॅक लावून जोराने वर दाबला तर बीम वरून फुटतो. शिवाय तो खांब उभा कशावर आहे? खाली पाया नसेल तर तो खालच्या मजल्याच्या स्लॅबवर एका ठिकाणी काही टनांचा भार टाकत उभा असतो. भलेपणाने केलेली दुरुस्तीसुद्धा अशी अपाय करते, म्हणून ‘मी तर मजबूत करतोय, परवानगी कशाला’ हा युक्तिवाद मला मान्य नाही.

वजनाचेही तसेच. राहत्या घरांसाठी बहुतेक मानकांत माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो भार धरलेला असतो. जुनी फरशी न काढता तिच्यावर मसाल्याचा थर देऊन वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट बसवला तर चौरस मीटरमागे सव्वाशे ते दीडशे किलो कायमचे वाढतात. म्हणजे माणसांसाठी आणि सामानासाठी ठेवलेली बहुतेक जागा दगडानेच खाल्ली. हे काम ‘फक्त फरशी’ म्हणून होते, कोणी कोणाला विचारत नाही. पाडकाम करतानाही हाच घोळ होतो. साडेचार इंची विटांची तीन मीटर उंच भिंत प्लास्टर धरून मीटरमागे सुमारे पाऊण टन भरते. अशी चार मीटर भिंत पाडून तिचा राडारोडा खोलीच्या मधोमध ढीग करून ठेवला तर स्लॅबच्या सर्वांत नाजूक जागी तीन टन वजन रात्रभर बसून राहते.

मी इमारतींची तपासणी करतो, आणि एक घर माझ्या मनातून जात नाही. रंग नवा होता, फॉल्स सीलिंग नेटके होते, दिवे सुरेख बसवलेले होते. न्हाणीघराच्या छतात देखभालीसाठी ठेवलेली लहानशी झडप होती. ती उघडून टॉर्च आत धरला तेव्हा कॉलमपासून जेमतेम दोन वितींवर बीमला आरपार भोक पाडलेले दिसले. त्यातून चार इंची सांडपाण्याचा पाइप नेला होता. भोक ड्रिलने गोल कोरलेले नव्हते, ब्रेकरने फोडलेले होते. कडा तुटक्या होत्या, आणि वरच्या अंगाला कापलेल्या रिंगेचे एक टोक गंजून तांबूस झालेले बाहेर डोकावत होते. पाइपभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटने नीट पुसून घेतली होती. कॉलमजवळ बीममध्ये तिरपा कातरणारा ताण सर्वांत जास्त असतो आणि तो सोसायचे काम त्या रिंगाच करतात, त्यामुळे भोक पाडायला याहून वाईट जागा सापडली नसती. तेच भोक गाळ्याच्या मधल्या भागात, बीमच्या मध्य-उंचीवर, आकाराने लहान आणि आधी हिशेब करून घेतले असते तर कदाचित चालूनही गेले असते.

विकणाऱ्या गृहस्थांना मी ते दाखवले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. ते घर त्यांनी तसेच घेतले होते. भोक त्यांच्या आधीच्या मालकाच्या काळातले, किंवा त्याच्याही आधीच्या. त्या खोलीत कोणीही खोटे बोलत नव्हते आणि तरी कोणालाच खरे माहीत नव्हते. ज्या कुटुंबाच्या डोक्यावर आणि ज्यांच्या पायाखाली तो बीम होता, त्यांना तर असे काही असेल याची कल्पनाही नव्हती. नोंद सक्तीची हवी हे माझे मत त्या झडपेखाली उभा असताना पक्के झाले.

याला तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला असा की घर माझे, पैसा माझा, मग आत काय करावे हे इतरांनी का सांगावे? लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावरच्या एका सदनिकेत गॅसचा स्फोट झाला. त्यामुळे त्या सदनिकेच्या बाहेरच्या भिंतीचे तयार काँक्रीटचे पॅनेल उडाले. ते पॅनेल वरचा भार पेलत होते, त्यामुळे वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या माराने खालचेही एकामागून एक कोसळले. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत गेला आणि चार माणसे मेली. तिथे भिंत अपघाताने गेली होती, कोणी हौसेने काढली नव्हती. पण एका घरातली भिंत किती घरांची असते हे त्याहून स्पष्ट दिसणार नाही.

दुसरा आक्षेप असा की इमारतींच्या आराखड्यात सुरक्षेसाठी भरपूर सूट ठेवलेली असते, आणि असे बदल करूनही हजारो इमारती उभ्या आहेत. सूट असते हे खरे. पण ती काँक्रीट थोडे कमी प्रतीचे निघाले, सळई इंचभर सरकली, पाणी मुरले, वय वाढले अशा अज्ञात गोष्टींसाठी राखून ठेवलेली असते. ती नूतनीकरणाच्या खर्चासाठी नसते. त्यातही वाईट हे की एकाच इमारतीतले दहा मालक तीच सूट दहा वेळा वापरतात आणि दुसऱ्याने किती वापरली हे एकालाही ठाऊक नसते. दक्षिण कोरियातल्या सोलमधले सांपूंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ रोजी कोसळले आणि ५०२ माणसे मेली, त्याची कथा अशा बेरजेचीच आहे. मूळ आराखडा बदलला गेला, सरकत्या जिन्यांसाठी कॉलम काढले गेले, जे राहिले ते हवे त्यापेक्षा बारीक होते, चार मजल्यांवर पाचवा चढवून त्यात जड उपाहारगृहे आली, आणि छतावरची अवजड वातानुकूलन यंत्रे एका जागेवरून दुसरीकडे ओढत नेली गेली. मधे बीम नसलेला सपाट स्लॅब, त्यामुळे कॉलम स्लॅबला भोसकून वर निघण्याचा धोका आधीच होता. त्या दिवशी सकाळी तडे दिसले होते, वरचा मजला बंदही केला होता. बाकीची इमारत मात्र ग्राहकांसाठी चालूच ठेवली गेली. यातला कोणताही एक बदल करणाऱ्याला विचारले असते तर ‘एवढ्याने काय होते’ असेच त्याने म्हटले असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: परवानग्या वाढवल्या की खर्च आणि विलंब वाढतो, आणि माणसे काम लपवून, रात्री, घाईघाईने करतात. हे अगदी खरे आहे, आणि सरसकट परवानगीची मागणी करणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे. रंग, लाकूडकाम, विजेचे काम, नळ बदलणे, हलकी पार्टिशने यांना कोणाच्याही सहीची गरज नसावी. कॉलम, बीम, स्लॅब, भार पेलणारी भिंत, जिना, बाल्कनी आणि ठरावीक मर्यादेपलीकडचे वाढीव वजन, एवढ्याच गोष्टींची यादी हवी आणि ती प्रत्येक घरमालकाला समजेल अशा भाषेत हवी. यादी जितकी छोटी तितकी ती पाळली जाईल. इंजिनिअरच्या शुल्काबद्दल एवढेच म्हणेन की संपूर्ण नूतनीकरणाच्या खर्चात ते बहुधा दिव्यांच्या आणि पडद्यांच्या खर्चाहूनही लहान असते.

तपासणीचा प्रश्न याला जोडूनच येतो, कारण सध्याची बरीचशी खरेदीपूर्व तपासणी म्हणजे डोळ्यांना दिसते त्याची यादी असते. दारे नीट लागतात का, नळ गळतो का, रंगाचे पोपडे निघालेत का. सांगाड्याबद्दल ‘पाहण्यास अनुपलब्ध’ असा शेरा मारून पुढे जायचे, आणि तो शेरा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत. खरे तर चिरा बोलत असतात. बीमच्या मध्यावर खालून उभी गेलेली बारीक चीर वाकण्याची असते आणि ती काही मर्यादेत चालते. टोकाजवळची तिरपी चीर कातरण्याची असते. ती फारशी पूर्वसूचना न देता मोडू शकते, म्हणून ती दिसली की काम थांबवावे. सळईच्या रेषेत लांबच लांब धावणारी चीर गंजाची. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो, त्यामुळे तिच्यावर प्लास्टर फासणे म्हणजे फक्त ती आणखी दोन वर्षे न दिसण्याची सोय. हातोडीने ठोकताना भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर थर सुटला आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे रसायन फवारले तर सशक्त भाग गडद गुलाबी होतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निकामी केलेला भाग रंगहीन राहतो. ती रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोहोचली असेल तर सळईचे संरक्षण संपले. यातल्या बहुतेक गोष्टींना महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ती फॉल्स सीलिंगचे एक पॅनेल काढण्याची आणि एक-दोन जागी प्लास्टर खरवडण्याची मुभा, आणि नेमकी तीच दिली जात नाही. माझ्या मते ही मुभा नाकारणाऱ्या विक्रेत्याच्या घराचा अहवाल ‘अपूर्ण’ समजला जावा, आणि कर्ज देणाऱ्या संस्थांनी अपूर्ण अहवालावर कर्ज देऊ नये. तपासणी करणाऱ्याचे शुल्क विकणाऱ्याने किंवा दलालाने देऊ नये, हेही त्याच ओघात.

अहवालाला मुदत नसेल तर तो कागदच राहतो. फ्लोरिडातल्या सर्फसाइड येथील चॅम्पलेन टॉवर्स साउथ या इमारतीच्या २०१८ च्या पाहणीत इंजिनिअरने पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचे वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचे आणि त्याखालच्या काँक्रीटचे मोठे नुकसान झाल्याचे लिहून दिले होते. दुरुस्तीच्या खर्चावरून रहिवाशांत वाद चालू राहिले. २४ जून २०२१ च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे गेली. कोसळण्याची कारणे एकाहून अधिक होती, पण अहवाल आणि कृती यांच्यामधली ती तीन वर्षे कोणाच्या जबाबदारीची होती, याचे उत्तर कोणत्याही नियमात आधीच लिहिलेले असायला हवे होते. सांगाड्याविषयीच्या प्रत्येक गंभीर शेऱ्यापुढे तारीख हवी, आणि ती उलटली तर निर्णय रहिवाशांच्या मतदानावर न सोपवता तो घेण्याचा अधिकार असलेली यंत्रणा हवी.

नोंद कशी असावी हे मी मुद्दाम साधे ठेवतो, कारण अवघड केले की ती होणार नाही. बदलाआधीचे आणि नंतरचे मोजमापाचे चित्र, आकडेमोडीची प्रत, इंजिनिअरचे नाव आणि सही, आणि प्लास्टर किंवा छत बंद करण्याआधी मोजपट्टी शेजारी धरून काढलेली छायाचित्रे: गर्डरची टोके, त्याखालचे ठोकळे, ठासून भरलेली फट, उघड्या सळया. हे सगळे मालकाच्या कपाटात न राहता इमारतीच्या दप्तरी राहावे, आणि घर विकले गेले की नव्या मालकाला आपोआप मिळावे. ज्या जुन्या इमारतींचे मूळ आराखडेच उरलेले नाहीत तिथे पहिल्या दुरुस्तीच्या वेळी जे दिसेल तेवढे मोजून दप्तर सुरू करावे. शेजारच्या घराची दुरुस्ती निघेल तेव्हा त्यात दुसरे पान जोडले जाईल. बीम उघडा पडलेला असतो तो आठवडा-दोन आठवडे, आणि त्यानंतर पुढची वीस-तीस वर्षे त्याच्याकडे कोणाचीही नजर जाणार नसते.